विचारायलाही शिकावे लागते

(मोत्साए शब्बाथच्या व्याख्यानमालेत आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून. वक्त्या नेगेवमधील एका दवाखान्यात कुटुंबाच्या डॉक्टर आहेत.)



मला दिलेला विषय भारदस्त आहे: वैद्यकीय शिक्षण, नेतृत्व आणि मनाचे आरोग्य. पण सुरुवात मी याच वास्तूतल्या एका रिवाजापासून करते. तोरावाचनाच्या वेळी आजाऱ्यांसाठी ‘मी शेबेराख’ म्हटली जाते. हज्जान थांबतात आणि आपण एकेक नाव सांगतो, आजाऱ्याचे आणि त्याच्या आईचे. त्या प्रार्थनेतला क्रम आपण कधी लक्षपूर्वक ऐकला आहे काय? आधी मागणे आहे ते आत्म्याच्या बरे होण्याचे, शरीराचे त्यानंतर.

ही नावे मी गेली तीसेक वर्षे स्त्रियांच्या बाजूला बसून ऐकत आले आहे. कोणाचे हृदयाचे ऑपरेशन असते, कोणाचा खुबा मोडलेला असतो, कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू असतो. मनाच्या आजारामुळे दिलेले नाव मात्र मी एकदाही ऐकले नाही. आपल्यात असे आजारी नाहीत म्हणून नव्हे. नाव दिले की किद्दूशच्या वेळी चारजणी जवळ येऊन ‘काय गं झालं?’ असे विचारणार, आणि त्या प्रश्नाला द्यायला उत्तर नाही. म्हणून नावच द्यायचे नाही. त्यांतल्या काहींना मी ओळखते, कारण आठवड्याच्या आरंभी ते माझ्या दवाखान्यात येतात. तेथेही छातीत धडधडते म्हणूनच येतात.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मावशी, वय पासष्टीच्या पुढे, माहेर जुन्या कुलाबा जिल्ह्यातले. आलिया करून आल्यावर सव्वीस वर्षे तिने कापडगिरणीत काम केले होते. पती जाऊन वर्ष होत आले होते. त्या वर्षात ती माझ्याकडे अकरा वेळा आली. धडधड, हातापायांत मुंग्या, डोके जड, रात्री तीनला जाग. दर वेळी मुलगा सोबत असे, कामावरून सुट्टी घेऊन आलेला, घड्याळाकडे पाहणारा. मी दर वेळी काही ना काही केले. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, एकदा तोफेस १७ मिळवून देऊन हृदयतज्ज्ञांकडे धाडले. सगळे निर्दोष निघाले. मी आनंदाने म्हटले, “मावशी, तुमचं हृदय तरुण मुलीसारखं आहे.” ती म्हणाली, “अगं पोरी, जीवच लागत नाही गं कशात.” मुलाने ते हिब्रूत सांगितले: तिला अशक्तपणा वाटतो. आणि मी, जिच्या आईची भाषा मराठी, जी चौथीपर्यंत भायखळ्याला मराठी शाळेत शिकली, त्या मी संगणकात हिब्रूत लिहिले: अशक्तपणा. शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

पाच आठवड्यांनी एका रात्री तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. शेजारीण वेळेवर पोचली म्हणून ती वाचली. पुढे योग्य उपचार झाले, ती बरी झाली, नातवाच्या बार मित्झ्वाला तिने स्वतः केलेल्या करंज्या मी खाल्ल्या आहेत. परंतु तिने आपला आजार मला तिच्या भाषेत, जी माझीही भाषा आहे, स्पष्ट शब्दांत सांगितला होता आणि मी तो ऐकून खोडून टाकला होता, हे त्या करंज्यांनी पुसले जात नाही.

मला हे शिकवलेच नव्हते असे म्हणणे सोयीचे झाले असते. ते खरे नाही. मला शिकवले होते, आणि उत्तम शिकवले होते. म्हणून त्या शाळेविषयी थोडे सांगणे भाग आहे.

१९७४ साली बेर शेवा येथे बेन गुरियन विद्यापीठाची वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिचे संस्थापक डीन प्राध्यापक मोशे प्रीवेस. वॉर्सामध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी महायुद्धाच्या काळात सोव्हिएत श्रमछावणीत कैदी असताना डॉक्टर म्हणून काम केले होते. त्या दिवसांत नेगेवमध्ये डॉक्टर टिकत नसत. शिकायचे तेल अवीव किंवा यरुशलेमला आणि राहायचेही तेथेच. आमची दिमोना, येरुहाम ही गावे म्हणजे जणू शिक्षेची बदली. प्रीवेस यांनी आग्रह धरला की दक्षिणेतील वैद्यकीय शिक्षण आणि दक्षिणेतील आरोग्यसेवा एकाच हाताखाली असावी. त्यानुसार शाळेचा डीन हाच नेगेवच्या आरोग्यसेवेचाही प्रमुख झाला. ही नुसती कारभाराची सोय नव्हती. जो विद्यार्थ्यांना शिकवतो त्यालाच दवाखान्याबाहेरच्या रांगेचाही जाब द्यावा लागेल, असा त्याचा अर्थ होता. नेतृत्व या शब्दाचा याहून चांगला खुलासा मला आजतागायत मिळालेला नाही.

प्रवेशाच्या वेळी केवळ गुण पाहत नसत, दीर्घ मुलाखती घेत. मला विचारले होते, “घरात आजी आजारी पडली की कोणाकोणाची कामे बदलतात?” मी भाबडेपणाने खरे ते सांगितले, की सर्वांत जास्त माझी बदलतात. वर्षानुवर्षे पुस्तके वाचून मग रुग्ण दाखवायचा, अशी रीत तेथे नव्हती. पहिल्याच वर्षी आम्हांला रुग्णांच्या समोर बसवले. औषध द्यायला नव्हे, ऐकायला.

या शाळेच्या उभारणीत, विशेषतः विद्यार्थी कसे निवडावेत हे ठरविण्यात, एका समाजशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव आरोन आंतोनोव्स्की. ब्रुकलिनमध्ये वाढलेले, १९६० साली येथे आलेले, १९९४ साली निवर्तलेले. मध्य युरोपात जन्मलेल्या आणि पुढे इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मध्यमवयीन स्त्रियांची त्यांनी पाहणी केली होती. त्यांतल्या काही जणी नाझी छळछावण्यांतून वाचून आल्या होत्या. छावणीत न गेलेल्या स्त्रियांपैकी ५१ टक्क्यांचे मानसिक स्वास्थ्य चांगले आढळले, छावणीतून आलेल्यांपैकी २९ टक्क्यांचे. कोणीही म्हणेल, यात नवल ते काय, छळाने माणूस मोडतो. आंतोनोव्स्कींनी तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचला. एवढे भोगून, पुन्हा निर्वासित होऊन, नव्या देशात तीन युद्धे पाहूनही शंभरांतल्या एकोणतीस स्त्रिया बऱ्या राहिल्या, त्या कशा?

पुढचे सारे आयुष्य त्यांनी या प्रश्नाला दिले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: जे घडते आहे ते माणसाला समजावे, ते पेलण्यासाठी काही आधार हाताशी असावा, आणि पेलण्यात काही अर्थ आहे असे वाटावे. या तीन गोष्टी जितक्या बळकट, तितका माणूस तगतो. आता त्या मावशीकडे पाहा. पती गेलेले, गिरणी बंद पडलेली, नातवंडे हिब्रूत बोलणारी, टपालाने येणारी पत्रे तिला वाचता न येणारी. तिन्ही आधार निखळले होते. हे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नव्हते. आंतोनोव्स्कींच्या शाळेत शिकलेल्या मला ते दिसले नाही, कारण दवाखान्यात पहिली दहा वर्षे काढता काढता ते शिक्षण धुऊन निघाले होते. एकेका रुग्णाला दहा मिनिटे, दिवसाला चाळीस रुग्ण, आणि ‘आज तू कोणाचे ऐकलेस?’ असे विचारणारे वर कोणी नाही.

शिक्षण धुऊन निघते हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. याचा दाखला आहे. बाल्टिक समुद्रात स्वीडनचे गोटलँड नावाचे बेट आहे. १९८३ आणि १९८४ साली तेथील कुटुंबाच्या डॉक्टरांसाठी, जवळजवळ सगळ्यांसाठी, नैराश्य कसे ओळखावे आणि त्यावर काय करावे याचे वर्ग घेतले गेले. वोल्फगांग रुट्झ या मनोविकारतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिणाम मोजला. बेटावरील आत्महत्या घटल्या. नैराश्यामुळे रुग्णालयात राहावे लागणे आणि कामावरून घ्यावी लागणारी रजाही घटली. गुंगीची औषधे कमी लिहिली जाऊ लागली आणि नैराश्यावरची खरी औषधे वाढली. मग ठरल्याप्रमाणे वर्ग संपले. तीनेक वर्षांत आकडे पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागले. शिकलेल्यांपैकी बरेचसे डॉक्टर तोवर बेट सोडून गेले होते, नव्यांना कोणी शिकवले नव्हते. बेट लहान असल्याने आकडेही लहान, त्यामुळे जाणकारांत त्यावर वाद झाले आहेत हे मी लपवीत नाही. पण मी ते प्रथम वाचले तेव्हा स्वतःचीच नोंदवही वाचते आहे असे वाटले.

त्या बेटाची आणखी एक बाब आपल्या पुरुषवर्गाने ऐकावी. आत्महत्या घटल्या त्या प्रामुख्याने स्त्रियांच्या. पुरुषांत फरक जवळजवळ नव्हता, कारण पुरुष डॉक्टरकडे जातच नव्हते. पुरुषाचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, ते चिडचिडीतून आणि पेल्यातून दिसते. आपल्याकडे ‘त्याचा स्वभावच तापट झाला आहे, निवृत्त झाल्यापासून जरा जास्त घेतो’ असे म्हणून आपण गप्प बसतो. कोणाचे नाव घेत नाही. मागच्या रांगेत काहीजण हसत आहेत, त्यांचेही नाही.

आता थोडे आपल्या कोकणाकडे. गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगत’ ही संस्था सुरू केली. मनोविकारतज्ज्ञ इतके थोडे की गावोगाव त्यांना बसवणे अशक्य. तेव्हा त्यांनी वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत सल्लागार म्हणून बसवले. कामाचे नाव ठेवले ‘मानस’. बारा सरकारी आणि बारा खासगी, अशा २४ दवाखान्यांत हा प्रयोग झाला, आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी दवाखान्यांत, जेथे ही सल्लागार होती तेथे, सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. जेथे नव्हती तेथे सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही. माझी समजूत अशी की खासगी डॉक्टर रुग्णाला नावानिशी ओळखत होता, घरचे विचारत होता, म्हणजे ते काम तेथे आधीच थोडेफार होत होते. त्या सल्लागार स्त्रिया मागे सोडून दिलेल्या नव्हत्या, हेही महत्त्वाचे. त्यांच्या पाठीशी येऊन-जाऊन असणारे तज्ज्ञ होते, अडले की विचारायला कोणी होते.

रुग्णांचे सांगणे तेथेही आपल्यासारखेच. ‘मी उदास आहे’ असे म्हणत कोणी येत नाही. अंग दुखते, झोप नाही, गळून गेल्यासारखे वाटते, जीव घाबरतो, असे सांगतात. हे काही ढोंग नव्हे. मन आणि शरीर यांच्यामध्ये आपल्या भाषेने भिंत बांधलेली नाही. ‘जीव’ हा शब्दच पाहा. तो छातीतही आहे, मनातही आहे आणि प्राणही तोच. हिब्रूत किंवा इंग्रजीत त्याला एक शब्द सापडत नाही. दुभाष्याचे काम करणारा मुलगा त्याचे ‘अशक्तपणा’ करतो, यात त्याचा दोष नाही. आईचे दुःख मुलाने तिच्याच समोर भाषांतरित करावे, ही अपेक्षाच क्रूर आहे.

येथील व्यवस्थेविषयी दोन शब्द. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा १९९५च्या जानेवारीत अमलात आला, पण मनाचे आरोग्य त्या वेळी कुपात होलिमकडे आले नाही. ते मंत्रालयाकडेच राहिले, वेगळ्या इमारतींत, वेगळ्या दारांनी. त्या दारातून आत जाताना कोणी पाहील या भीतीने आपली कितीतरी माणसे गेलीच नाहीत. २०१५च्या जुलैत ही जबाबदारी कलालित, मक्काबी, मेउहेदेत आणि लेउमित या चारही कुपातींकडे आली. गुडघ्यासाठी जे कार्ड तेच मनासाठीही. ही मोठी सुधारणा होती आणि मी तिच्या बाजूने आहे. पण कार्ड झाले म्हणून डॉक्टर तयार होत नाहीत. तज्ज्ञांकडे महिनोन् महिने थांबावे लागते. आणि २०२३च्या ऑक्टोबरनंतर आमच्या दक्षिणेत ही रांग कशी वाढली ते तुम्हांला वेगळे सांगायला नको, या सभागृहातही त्या रांगेतले लोक बसले आहेत.

मग उरतो तो तुमचा नेहमीचा डॉक्टर, आणि तेथेच शिक्षण व नेतृत्व यांची गाठ पडते. त्या मावशीच्या घटनेनंतर आमच्या दवाखान्याच्या प्रमुख बाईंनी मला रागावले नाही. त्यांनी तीन गोष्टी केल्या. पंधरवड्यातून एक तास एका मनोविकारतज्ज्ञांना बोलावले. ते रुग्ण तपासायला येत नाहीत, आम्हां डॉक्टरांबरोबर आणि परिचारिकांबरोबर बसून आमच्याच रुग्णांविषयी बोलतात. रोजच्या यादीत दोन वेळा दुप्पट लांबीच्या ठेवल्या. आणि जे आमच्याकडून सुटले, ते प्रसंग कोणाला दोष न देता सर्वांसमोर वाचायचे ठरवले. पहिला प्रसंग मी वाचला. तेव्हापासून तो तास काटकसरीच्या नावाखाली तीनदा बंद पडला आणि तीनदा भांडून परत मिळवावा लागला. खर्च कमी करायचा झाला की सर्वांत आधी कात्री लागते ती ज्याचे बिल कोणाला पाठवता येत नाही अशा तासाला. ते राखणारा माणूस वर नसेल तर दरवर्षी नवे गोटलँड होणार.

त्या तासात आम्ही काही गूढ विद्या शिकत नाही. दोन साधे प्रश्न विचारायला शिकतो. गेल्या दोन आठवड्यांत आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? मन खिन्न, निराश असते का? उत्तर ‘हो’ आले तर पुढचे प्रश्न, आणि त्यांत शेवटचा, जो विचारताना मोठमोठ्या डॉक्टरांचीही जीभ अडखळते: जगू नये असे मनात येते का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस सुटकेचा श्वास टाकतो, हे मी माझ्या खोलीत कितीदा तरी पाहिले आहे. आणि हो, आधी शरीरही तपासले पाहिजे. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असेल तरी माणूस असाच सुकतो, आणि भारतातून आलेल्या आपल्या लोकांत बी-१२ची कमतरता पुष्कळ सापडते. ते तपासून ‘सगळे ठीक’ म्हणून दार बंद करायचे नाही, इतकेच. मी दार बंद केले होते.

नेतृत्व म्हणजे केवळ दवाखान्याचे नव्हे, म्हणून थोडे तुमच्याविषयी. आपल्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. बाळंतिणी मरतात हे सर्वांनाच ठाऊक होते. त्यांनी त्या मृत्यूंच्या कारणांची पाहणी हाती घेतली, म्हणजे जे लोक दैवावर सोडत होते ते मोजायला घेतले. आपल्या समाजात असे मोजणे कोणी केलेले नाही. मुलीचे स्थळ मोडेल, मुलाचे सैन्यातले प्रोफाइल खाली येईल, म्हणून घराघरांत गोळ्यांचे वेष्टन फाडून टाकले जाते आणि गोळ्या जीवनसत्त्वांच्या डबीत ठेवल्या जातात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. स्थळे मोडलेली मी पाहिली आहेत. पण उपचाराविना मोडलेली घरे त्याहून जास्त पाहिली आहेत.

तेव्हा जे लगेच करता येईल ते सांगते. आईला डॉक्टरकडे नेणार असाल तर आधीच दुप्पट वेळ मागून घ्या, आणि पाच मिनिटे तरी तिला एकटीला आत राहू द्या. दुभाष्या मागा; मराठी दुभाष्या मला आजवर कोणी दिलेला नाही, तरीही मागत राहा, कारण न मागितलेल्या गोष्टीची नोंद होत नाही. ती जे म्हणते ते शब्दशः कागदावर लिहून द्या, अर्थ लावू नका. नैराश्यावरच्या औषधाचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका, आणि शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर ‘एरान’च्या १२०१ या क्रमांकावर कोणी तरी ऐकणारे असते. फोन हिब्रूत घेतील म्हणून घाबरू नका. मोडके हिब्रूही त्यांना चालते.

पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ, येथे खालच्या मजल्यावरच्या खोलीत मी आणि आमच्या दवाखान्यातील एक परिचारिका बसणार आहोत. नाव नोंदवायचे नाही. त्याच वेळी तेथेच महिला मंडळाचे शिवणकामही चालते, त्यामुळे खाली कोण कशासाठी गेले हे कोणाला कळायचे नाही. मंडळाच्या दोघी भगिनी आमच्याकडून ते दोन प्रश्न विचारायला शिकणार आहेत, आणि दर महिन्याला पुन्हा शिकणार आहेत. त्यांच्या जागी पुढे कोण येणार तेही आम्ही आत्ताच ठरवले आहे.

गबाईंना मी एक विनंती केली होती. ‘मी शेबेराख’साठी शुक्रवारी दुपारपर्यंत नावे घेतात त्या वहीत केवळ नाव आणि आईचे नाव लिहावे, आजार विचारू नये. त्यांनी ती मान्य केली आहे. तुम्हीही किद्दूशच्या टेबलापाशी विचारू नका. मागच्या आठवड्यात एक नाव मीच दिले.

चहा झालेला दिसतो. प्रश्न तिथेच घेऊ या.